सुनेच्या आजाराचं नाव

"मला न्हाई पटत," असं म्हणून त्या मावशी टेबलावर तळहात ठेवायच्या. आपटायच्या नाहीत, नुसता ठेवायच्या. पण तो हात उचलला जाईपर्यंत माझ्यापुढचा दुसरा कागद हलत नसे.

मी एचआयव्हीच्या औषधांच्या केंद्रात समुपदेशक. मावशी निघोज्याच्या, चाकणच्या बाजारात कांदा निवडणाऱ्या. दर महिन्याला सुनेला घेऊन यायच्या. मुलगा याच आजारानं गेला होता, फार उशिरा कळलं म्हणून. सून महाळुंग्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. गावात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. बसमध्ये ओळखीचं भेटलं, की मावशी सांगायच्या, "माझी शुगर दाखवाया चाललोय." तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही पेशंट सासूच वाटली असती. सून मागून पिशवी सांभाळत, हसत यायची.

एका महिन्यात ती हसत नव्हती.

"तीन आठवडं झालं, डोकं दुखतंय हिचं," मावशी म्हणाल्या. "सांजच्याला ताप. परवा भाजीत दोनदा मीठ घातलं, अन् पुन्हा मलाच इचारती, मीठ घालू का?"

थुंकी तपासली, छातीचा एक्स-रे काढला. दोन्ही साफ. नवे डॉक्टर म्हणाले, टीबी दिसत नाही, शिफ्टचा ताण असेल, आठ दिवसांनी या. मीही मान डोलावली.

मावशींचा तळहात टेबलावर आला. "मला न्हाई पटत. थुंकीत न्हाई म्हंजी कुठंच न्हाई व्हय?"

उत्तर मला माहीत होतं. एचआयव्ही असलेल्या माणसाचा टीबी पुष्कळदा छातीत सापडतच नाही. तो गाठींत असतो, पोटात असतो, कधी मेंदूच्या आवरणात. हे शिकलेली मी मान डोलावून मोकळी झाले होते, याची मला अजून लाज वाटते.

मी दोघींना आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सुनेची हनुवटी हलकेच छातीकडे आणून पाहिली. मान वाकेना, सून कळवळली; मेंदूच्या आवरणाला सूज आल्याची ती खूण. त्याच दिवशी तिला भरती केलं. डोक्याचा स्कॅन झाला आणि पाठीतलं पाणी काढून तपासायचं ठरलं.

तेवढ्यात सुनेचा भाऊ येऊन पोचला. त्याला फक्त तापाचं माहीत होतं. "पाठीत सुई घातली की माणूस लुळं पडतं. आमी तिला घरी नेतो," म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, पण तो ऐकेना. सून तोवर गुंगीत गेली होती.

मावशी उठल्या. "लुळी पडली तर मी भरवीन तिला. माझ्या पोराच्या टायमाला समद्यांचं ऐकून गप बसले. आता न्हाई बसायची. बाई, कागद कुठंय?"

आणि त्यांनी संमतीच्या कागदावर अंगठा उमटवला.

पाणी काढलं, आणि रिपोर्टची वाट न बघता औषधं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. पाण्यात टीबीचे जंतू होते. मला वाटलं, मावशी आता रडतील.

"नाव कळलं न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग आता बघते त्याच्याकडं."

दोन आठवड्यांनी सुनेनं डोळे नीट उघडले आणि विचारलं, "आई, तुमी जेवला का?" मावशी वऱ्हांड्यात गेल्या, त्या बराच वेळ आत आल्या नाहीत.

पुढं वर्षभर टीबीच्या गोळ्या. सून कामावर परतली, तरी मावशींचा पहारा होताच. एकदा कंपनीची बस दाराशी उभी असताना त्यांनी ड्रायव्हरला ओरडून सांगितलं म्हणे, "थांब की भावा, पोरीची ताकदीची गोळी राह्यलीय." सूनच मला हे हसत हसत सांगत होती.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. बाजारात, कांदा निवडता निवडता छातीत कळ आली, तेवढंच.

मी निघोज्याच्या स्मशानात पोचले तेव्हा पाण्याचं मडकं कुणी धरायचं यावर चुलत दिरांची कुजबुज चालली होती. सून पुढं झाली आणि तिनं ते उचलून खांद्यावर घेतलं. टीबीच्या त्या दुखण्यानं तिचा डावा पाय जरासा ओढत राहिला आहे, त्यामुळे तीन फेऱ्यांना वेळ लागला. एका दिरानं मडक्याला हात लावायला पाहिलं. ती "नको" म्हणाली, आणि खांदा भिजत असताना तशीच चालत राहिली.