करपलेली डाळ आणि महायुद्ध

डाळ करपल्याचा वास आला की कतारमधला आमचा कामगारांचा कॅम्प आठवतो. वर्ल्ड कपची स्टेडियमं उभी राहत होती. मेसमधल्या शेगडीवरून आम्हा भारतीयांतला एक आणि एक नेपाळी भिडले, तशी दोन्हीकडची माणसं उठली. "ऊठ की रं, आपला माणूस हाय!" दोस्त ओरडला. हाणामारी झाली तर सगळ्यांचीच घरी रवानगी होती. तरी मी उठलो. तेवढ्यात सकाळचं आठवलं. साहेबांच्या गाडीवर मी ड्रायव्हर, मागं त्यांची मुलगी धडा घोकत होती, की युरोपात दोन देशांचं भांडण, त्यात एकेकाचे दोस्त देश उतरले आणि महायुद्ध पेटलं. "काका, बट कोणी बसून का नाही राहिलं?" सातवीत शाळा सोडलेला मी गाडी हाकत राहिलो. आता मात्र दोस्ताला ओढून खाली बसलो. समोर माझ्या खोलीतला नेपाळी होता, माझ्याकडं बघून तोही बसला. भांडण खलास, डाळ करपली. त्या पोरीचे उपकारच. पण तो वास आला की पाय अजून उठायला बघतात.