अप्पांची मांडणी

सहा आठवड्यांपूर्वीची गोष्ट. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी नुंगंबाक्कमच्या ऑफिसात होते, तेव्हा शेजारच्या कामाक्षी मामींचा फोन आला. मामी एरवी फोनवर आधी जेवलीस का विचारतात, मग मुद्द्यावर येतात. त्या दिवशी तसं काही नाही. "सीक्रम वा मा, लवकर ये," एवढंच. कढीपत्ता मागायला म्हणून त्या आमच्याकडे गेल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं. अप्पा हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत बसलेले, चष्मा डोळ्यांवर, पेपर मांडीवर... मामींना वाटलं डुलकी लागली असेल. त्यांनी बाल्कनीतल्या कुंडीतून कढीपत्ता खुडून घेतला, जाताना एक हाक मारली, मग दुसरी मारली आणि मग जवळ जाऊन पाहिलं. मी मैलापूरला पोचेपर्यंत गल्लीतले डॉक्टर येऊन गेले होते. अप्पा माझे सासरे. वय एकोणऐंशी. त्रास झाला नसावा, असं डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं.

मी मूळची सांगलीची. नवरा रघू मला पुण्यात भेटला, तिथे तो नोकरीला होता. लग्न ठरलं त्याच सुमारास त्याला श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात जागा मिळाली आणि नऊ वर्षांपूर्वी मी चेन्नईला आले. सासूबाई, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या अम्मा, त्याच्या आदल्या वर्षी वारल्या होत्या. अडीच वर्षं आजारी होत्या, एवढंच मला माहीत होतं. घरात आम्ही दोघं आणि अप्पा. तंजावरहून मद्रासला आलेल्या मराठी कुटुंबातले ते. त्यांचं मराठी मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पोथी ऐकतेय असं वाटलं. "मज ठाऊक आहे", "तूं बैस, मी करतों"... आणि मध्येच तमिळ. माझं नाव मेधा, त्याचं त्यांनी पहिल्याच दिवशी 'मेधाम्मा' केलं.

स्वयंपाकघर अप्पांचं होतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, ते आत गेल्यावर दिसलं. चार लांब फळ्या, एकीलाही दार नाही. खालच्या फळीवर चिनीमातीच्या बरण्या आणि पितळेची भांडी, मधल्या दोन फळ्यांवर काचेच्या बरण्यांची ओळ, सगळ्यात वर मोठे डबे. अप्पा एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं भांडारप्रमुख होते. त्यामुळे प्रत्येक बरणीवर तमिळमधून लेबल, तेही एकाच उंचीवर. पण नुसती शिस्तच होती असं नाही. फळ्यांच्या कडांना कात्रीने कापलेली कागदी नक्षी, बाटलीत लावलेला मनीप्लँट, आणि डाळींच्या बरण्यांपुढे मातीचं एक दुकानदार जोडपं. इकडे नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्यातलं. सगळ्यांच्या घरी ते दसऱ्यानंतर पेटीत जातं, आमच्याकडे बारा महिने तूरडाळ विकत बसलेलं असायचं.

मला ते सगळं गोड वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर वैताग यायचा. मैलापूरची धूळ आणि फोडणीचं तेल मिळून बरण्यांवर जो चिकट थर बसतो तो मलाही पुसावा लागायचा. शिवाय ते माझं घर होतं आणि मला त्यात मोहरी सापडत नव्हती. पहिल्याच महिन्यात मी आणखी एक प्रताप केला. रसम करायचं एक कथलाचं भांडं होतं, अम्मांचं. ते रिकामं आचेवर ठेवायचं नसतं हे मला कुठून ठाऊक असणार? मी ठेवलं, आणि फोन घ्यायला बाहेर गेले. परत येते तो भांड्याचा तळ बर्नरवर वितळून पसरलेला. मला रडू यायच्या बेतात होतं. अप्पा आले, बघितलं, गॅस बंद केला आणि म्हणाले, "परवाइल्लै, असूं दे. आमच्या अम्मांनेही एक असंच वितळविली होती. नवी असतां." नंतर दोन दिवसांनी बघते तर तो थंड झालेला चकचकीत गोळा त्यांनी घासून फळीवर मनीप्लँटशेजारी मांडून ठेवलेला. पाहुण्यांना सांगायचे, "हे मेधाम्माचं पहिलं रसम."

लग्नाला वर्ष झालं आणि अप्पा महिनाभरासाठी कोइंबतूरला, माझ्या नणंदेकडे गेले. मी रघूला म्हटलं, आता फळ्यांना दारं बसवून घेऊ या. तो म्हणाला, "अप्पांना विचार." मी विचारलं नाही. त्यांना आश्चर्याचा आनंद द्यायचा, असं मी स्वतःला सांगितलं होतं. सुतार आला, चार दिवसांत मोतिया रंगाची गुळगुळीत दारं लागली. मनीप्लँट बाल्कनीत, आणि बाहुल्या, कागदी नक्षी, बाकी सगळं एका खोक्यात भरून माळ्यावर. अप्पा आले. आत जाऊन त्यांनी एक दार उघडलं, मिटलं. "छान जाहलं," म्हणाले. "साफ राहील."

पुढचे आठ-दहा दिवस ते स्वयंपाकघरात फारसे आलेच नाहीत. सकाळची फिल्टर कॉफी तेवढी करायचे आणि लगेच बाहेर. रसम मी करायला लागले. जेवताना ते चांगलं झालं म्हणायचे, पण दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे नाहीत. मला वाटलं, प्रवासाचा थकवा असेल.

त्याच दिवसांत मी मोठ्या हौसेने विजयाताईंना, म्हणजे नणंदेला, नव्या दारांचा फोटो पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं नाही. चार दिवसांनी फोन आला. "मेधा, रागावू नको," त्या म्हणाल्या. "ती दारं आधी होतीच गं. अप्पांनीच काढली होती." मग त्यांनी सांगितलं ते असं. अम्मांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोकं अगदी लख्ख, पण शब्द एकही नाही. अप्पांनी तोपर्यंत चहासुद्धा कधी केला नव्हता. बाई ठेवली, तिच्या हातचं अम्मा तोंडात घेईनात. तेव्हा अप्पांनी त्यांची खाट हॉलमध्ये अशी लावली की तिथून स्वयंपाकघर दिसेल. आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन फळ्यांची सगळी दारं काढून टाकली. का, तर अम्मांना आतलं दिसावं म्हणून. अम्मा डाव्या हाताचं बोट करायच्या, अप्पा एक बरणी उचलून दाखवायचे. ही? मान हलायची. शेजारची? तीही नाही. मग तिसरी. किती चमचे, ते बोटांनी. पुरे म्हणून तळहात. असं करत करत तो माणूस रसम शिकला, सांबार शिकला, तंजावरच्या मराठी घरातली उडदाच्या पिठाची डांगर पचडी शिकला. "आणि ती बाहुल्यांची सजावट?" मी विचारलं. विजयाताई म्हणाल्या, "तिला दिवसभर तेवढंच तर दिसायचं गं..."

त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले. बसमध्ये मनाशी वाक्यं जुळवत होते, घरात शिरल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. "अप्पा, मला माहीत नव्हतं," एवढंच म्हटलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "विजयाने सांगितली?" मी मान डोलावली. "ती फार बोलते," ते म्हणाले. "तूं मनाला लावून घेऊ नको. अम्मा गेली. आतां किचन तुझं. दार असूं दे."

मी आत गेले आणि हत्यारांच्या खोक्यातून स्क्रूड्रायव्हर काढला. आयुष्यात मी कधी दार काढलं नव्हतं. वरची बिजागरी सोडवायला घेतली तोच मागून आवाज आला, "अय्यो, वरचा आधी सोडशील तर दार पायावर पडेल. सरक." मग त्यांनी दार धरलं, मी स्क्रू काढले. दुपारभर आम्ही तेच करत होतो. मध्येच थांबून ते दाराकडे बघत म्हणाले, "चाळीस वर्षं मी ह्या घरांत नुसता जेवलों, मेधाम्मा. आंत काय आहे म्हणून एकदां पाहिलं नाही. ती बोलत होती तेव्हां मी ऐकलों नाही. बोलणं गेलं तेव्हां बसून शिकलों." मी पुढचा स्क्रू काढला.

शेवटची दोन दारं मात्र त्यांनी काढू दिली नाहीत. "हे दोन तुला. तुझं मिक्सर, ते प्लॅस्टिकचे डबे, जें मला बघवत नाही तें सगळं आंत ठेव." आणि हसले. दुसऱ्या दिवशी मी उठून बघते तर प्रत्येक बरणीवर तमिळ लेबलाखाली देवनागरीत दुसरं लेबल. लहानपणी शिकलेली अक्षरं, कितीतरी वर्षांत न लिहिलेली. 'जिरें', 'मोहोरी', 'हिंग'वर अनुस्वार दोनदा. माझ्या आईने सांगलीहून पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बाटली मी तोवर फ्रीजमध्ये मागे सरकवून ठेवत असे. ती त्यांनी डोळ्यांसमोरच्या फळीवर आणून ठेवली. "अशी मागें कां लपवितेस? आईची आहे की."

त्यानंतरची आठ वर्षं आम्ही दोघांनी मिळून ते स्वयंपाकघर चालवलं. भांडणंही झाली. स्टीलचे डबे फळीवर ठेवायला त्यांचा सक्त विरोध, "आंत काय आहे तें कळत नाही, मग कशाला मांडायचं?" मी काचेच्या बरण्या फोडायची, ते नव्या आणायचे. पोंगलच्या आधी कागदी नक्षी बदलायची, तेव्हा दोघं जमिनीवर बसून कापायचो. माझी तिरपी यायची, ती ते गुपचूप वरच्या फळीला लावायचे.

रघू ह्या सगळ्यात कधी नसायचा. कंपनीच्या बसने पहाटे जायचा, दुपारी यायचा, ताट वाढलं की जेवायचा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन पाणी मागायचा, आत येऊन घ्यायचा नाही. आळस म्हणून मी त्याला पुष्कळ बोलले आहे.

तेरावा झाला, विजयाताई कोइंबतूरला परत गेल्या. दर शुक्रवारी अप्पा सगळं खाली उतरवून फळ्या पुसायचे. ते गेल्यानंतरचे काही शुक्रवार माझ्याने ते झालं नाही. मागच्या शुक्रवारी रजा काढली आणि एकेक करत सगळं जमिनीवर मांडलं. रघू पहिली शिफ्ट करून आला, उंबऱ्याशी थांबला. रिकाम्या फळ्यांकडे बघत राहिला. मी म्हटलं, पाणी देते थांब. तो म्हणाला, "नको," आणि बूट काढून आत आला. ओलं फडकं माझ्या हातातून घेतलं.

वरची फळी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता तो बोलायला लागला. "मी पुण्याहून दोन-तीन महिन्यांनी यायचो. एकदा अप्पा औषधं आणायला गेले होते. अम्माने मला बोट करून काहीतरी मागितलं. मी दोन बरण्या दाखवल्या, तिने नाही म्हणून मान हलवली. मग मी कळत नाही म्हणालो आणि टीव्ही लावला..." त्याने एकच कोपरा पुन्हा पुसला. "फळीवर दहाच बरण्या होत्या गं. आठ दाखवायच्या राहिल्या." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने फडकं पिळलं आणि दुसरी फळी घेतली.

फळ्या कोरड्या झाल्यावर आम्ही पुन्हा सगळं लावायला लागलो. अप्पा असताना मी रोज त्या फळ्यांपुढे उभी राहिले, पण क्रम मला धड आठवेना, रघूला तर ठाऊकच नव्हता. धने आधी की मेथी? पुळी, म्हणजे चिंच, खाली की मधे? तो एकेक बरणी उचलून मला दाखवायचा. ही इथे? मी म्हणायचे, नाही. मग इथे? कदाचित. संध्याकाळपर्यंत फळ्या भरल्या, त्यातल्या निम्म्या बरण्या चुकीच्या जागी असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोडणी करताना न बघता हात वर नेला. हिंगाच्या जागी मेथी लागली. परवाही तेच झालं, आजही. रघू म्हणतो, बदलून ठेवू या का? मी नको म्हणते. हात अजून अप्पांच्या मांडणीने चालतो आहे, थोडे दिवस चालू दे...