अक्कांनी निवडलेले दगड

अक्का दुकानात आल्या की आधी कोपऱ्यातलं प्लास्टिकचं स्टूल ओढून घ्यायच्या. मी काउंटरवर एक दगड ठेवायचा. अक्का स्टुलावर बसायच्या, मान डावीकडे कलती करायच्या, उजव्या डोळ्याशेजारी तळहाताचा आडोसा धरायच्या आणि दगडाकडे बघत राहायच्या. मग म्हणायच्या, "फिरव." मी दगड थोडा फिरवायचो. "आजून फिरव." दगड पुरता गोल फिरून पहिल्या जागी आला की अक्का उठायच्या. "हाऊ नही. दुसरा दखाड."

धुळ्यात माझं माशांचं दुकान आहे. पाळायच्या माशांचं. काचेच्या टाक्या तुम्हीही पाहिल्या असतील, कुठे डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, कुठे मिठाईच्या दुकानात. त्या गोड्या पाण्याच्या. खाऱ्या पाण्याची टाकी मागणारं गिऱ्हाईक आमच्याकडे क्वचितच. आमच्यापासून समुद्र लांब, आणि ते काम निगुतीचं. त्यामुळे देवपुरातल्या या रिटायर नर्सबाई एके दिवशी दुकानात येऊन "भाऊ, माले घरमा समुद्र लावनं शे" म्हणाल्या, तेव्हा मी आधी त्यांना पंखा लावून दिला आणि बसायला सांगितलं.

अक्का सगळ्या भागाला ठाऊक होत्या. सरकारी दवाखान्यात आयुष्य गेलेलं. लहानपणी मला इंजेक्शन त्यांनीच दिलेलं. पेशंटशी त्या शुद्ध मराठीत बोलत, आणि जीव गुंतला की अहिराणीत शिरत. माझ्या दुकानात त्या पहिल्या वाक्यापासून अहिराणीतच होत्या.

मी त्यांना मोबाइलवर रंगीत मासे दाखवू लागलो. त्यांनी हात हलवला.

"मासा मांगून. पहिले दगड."

त्यांचं बरोबर होतं. समुद्री टाकीची सुरुवात दगडापासूनच होते. आत बारीक बारीक पोकळ्या असलेला चुनखडीसारखा दगड लागतो. त्या पोकळ्यांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करतात आणि तेच पाणी साफ ठेवतात. असा दगड म्हणजे प्रवाळाचा सांगाडा, आणि समुद्रातून जिवंत प्रवाळ काढायला बंदी आहे, म्हणून आम्ही कोरडा दगड मागवतो आणि टाकीत त्याला हळूहळू जिवंत होऊ देतो.

"आपला काळा दगड का नको?" अक्कांनी विचारलं. "लळिंगच्या डोंगरात पाहिजे तेवढा पडेल शे."

"त्यात एवढी छिद्रं नसतात, अक्का."

"म्हणजे तू दगड नही विकत. छिद्रं विकस."

हे वाक्य मी नंतर कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलं, माझंच असल्यासारखं.

मग सुरू झालं ते दगड बघणं. मुंबईहून खोकं आलं की मी फोन करायचो आणि अक्का रिक्षाने यायच्या. दुकानात गर्दी असली तरी स्टूल, कलती मान आणि डोळ्याशेजारचा हात ठरलेला. नवी गिऱ्हाइकं बघत राहायची. एकाने मला हळूच विचारलं, "बाईंना डोळ्याचा त्रास आहे का?" मलाही तेच वाटत होतं.

त्यांच्या अटी मला कळत नव्हत्या. दगड उंच नको. आरपार भोक हवं, पण ते डावीकडे. खाली लपायला जागा हवी, पण खोल नको.

"माशाला लपायला खोल जागा आवडते, अक्का."

"लपू दे ना. पण लपेल मासा सापडाले पाहिजे."

एका खेपेला फार देखणा दगड आला, कमानीसारखा वळलेला, मधोमध खिडकी पडलेला. तो मी कोणाला न दाखवता अक्कांसाठी ठेवला. त्यांनी तो पाहिला, हातात घेतला, गालाला लावला. मग काउंटरवर ठेवून कलत्या मानेने पाहिला आणि म्हणाल्या, "चांगला शे. पण याचं चांगलं तोंड उजवीकडे शे." आणि परत केला. मला वाईट वाटलं. दगड उलटा ठेवला तर कमान कोसळल्यासारखी दिसायची, तेव्हा वाद घालायलाही जागा नव्हती.

शेवटी दगड ठरले. एक बसका, घडवंचीसारखा. दोन भोकंवाले. आणि एक बटाट्यासारखा वेडावाकडा, जो मी कोणाला फुकटही दिला नसता. अक्कांनी तो पहिल्याच फेरीत पसंत केला.

टाकी बसवायला मी त्यांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत खिडकीपाशी हातांची एक लाकडी खुर्ची होती. टाकी कुठे ठेवायची ते अक्कांनी आधीच फरशीवर खडूने आखून ठेवलं होतं. टाकी ठेवून झाल्यावर लांबून कशी दिसते ते बघावं म्हणून मी त्या खुर्चीत बसलो. खुर्चीला उजवीकडे उशा लावल्या होत्या. बसल्याबरोबर माझं अंग डावीकडे कललं आणि मानही. डोळ्यांसमोर टाकी आली ती अगदी त्याच कोनातून, ज्या कोनातून अक्का माझ्या स्टुलावर बसून दगड बघत होत्या.

मी उठलो. आतल्या खोलीतून अक्का नानांना धरून आणत होत्या.

नाना म्हणजे त्यांचे यजमान. मार्केट यार्डात लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ऐकू यायचा, असं माझे वडील सांगत. वर्षभरापूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हे मला ठाऊक नव्हतं. अक्का दुकानात घरचं काही बोलत नसत.

"उजवीकडचं त्यासले दिसत नही," नानांना खुर्चीत बसवत अक्का म्हणाल्या. "नाशिकला दाखवाले नेलं होतं. तेथला दवाखानामा अशी टाकी व्हती. घरी भिंतकडे तोंड करीसन पडेल माणूस, तेथे मान वर करीसन दखत बसना. नंबर लागना तरी उठेना."

मग त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "आते दगड नाना लावतीन. तू फक्त उचल."

ती दुपार मी विसरणार नाही. मी दगड ठेवायचो, नाना डावा हात हलवायचे. नाही. मी सरकवायचो. नाही. अक्कांना बसका दगड पुढे हवा होता, नानांना मागे. अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्हाले काय कळस दगडमधलं?" नानांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या बटाट्यासारख्या दगडाकडे बोट केलं, आणि ते बोट हळूच अक्कांकडे वळवलं. अक्कांना आधी समजलं नाही. मला समजलं, पण मी तोंड टाकीत घातलेलं बरं म्हणून वाकलो. मग अक्कांच्या लक्षात आलं.

"मी अशी दिसस?"

नाना हसले. अर्ध्या तोंडाने, पण पोटभर. बसका दगड मागे गेला.

पाणी भरलं, मीठ मिसळलं, लाईट लागला. माझ्या दुकानातल्या जुन्या खाऱ्या टाकीतला लहानसा दगड मी विरजणासारखा मधे ठेवून दिला, म्हणजे त्यातले जीव बाकीच्या दगडांत पसरावेत. आणि मग वाट बघणं आलं. असली टाकी आठवडेच्या आठवडे नुसती दगडांवर चालवावी लागते. मासे टाकायची घाई केली तर मासे मरतात.

पण "अक्कांनी घरात समुद्र आणला" ही बातमी देवपूरभर झाली होती. बायाबापड्या बघायला येत. टाकीत गढूळ पाणी आणि दगड.

"अक्का, मासे कोठे शेतस?"

"घाई कोनले शे? दगड दखा."

आणि लोक खरंच बसून दगड बघत. चहा मिळायचा, हे एक कारण असेल. शेजारच्या एक काकू तर रोज संध्याकाळी येऊन "आज जरा बरं वाटतं बुवा पाणी" असं सांगून जाऊ लागल्या. अक्का रोज सकाळी आधी नानांचं बीपी बघत, मग काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकून रंग बघत. दोन्ही निकाल नानांना मोठ्याने सांगत. मी फोन केला की म्हणत, "दोन्ही पेशंट अंडर ऑब्झर्वेशन शेतस."

एका सकाळी मी पंप बघायला गेलो होतो. अक्का मगने टाकीत पाणी घालत होत्या. नानांनी डावा हात उचलला आणि टाकीकडे बोट केलं.

"काय?" अक्कांनी विचारलं.

मी पाहिलं. काही नव्हतं. नानांचा हात खाली येईना. ओठ हलू लागले, गळ्याची शीर ताठ झाली, आणि त्यातून एक जाड, गंजलेला आवाज आला.

"शे."

अक्कांनी हातातला मग खाली ठेवला. खुर्चीशेजारी गुडघे टेकले, आपला गाल नानांच्या गालाला लावला आणि त्यांच्या नजरेने टाकीत पाहिलं. "काय शे, नाना?"

"शे," नाना पुन्हा म्हणाले.

मी अक्कांच्या मागे वाकलो. तेव्हा दिसलं. वेड्यावाकड्या दगडाच्या भोकातून दोऱ्याएवढा पांढरा हात बाहेर येऊन पाण्यात हलत होता. मग दुसरा आला. माझ्या दुकानातल्या दगडातून आलेला तारामाशाचा चुलतभाऊ, नखाएवढा. वर्षानुवर्षं तो माझ्या टाकीत असणार. मला कधी दिसला नव्हता.

अक्का रडल्या वगैरे नाहीत. त्यांनी आधी नानांची नाडी धरली. हाताची सवय. नाडी बघून झाली तरी मनगट काही सोडलं नाही. मग माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "भाऊ, नाश्ता करीसनच जाशी."

त्यानंतर शब्द येऊ लागले, एकेक करून. पाणी. लाईट. बंद. नारंगी पट्ट्यांच्या माशांची जोडी मी पिशवीतून घेऊन गेलो, त्या दिवशी खोलीत अर्धी गल्ली होती. नानांनी पिशवी समोर धरायला लावली, छाती भरून श्वास घेतला आणि लिलावाच्या सुरात म्हणाले, "एक वार." लोक जवळ सरकले. "दोन..." पुढचं येईना. नाना जोर लावत राहिले. अक्का म्हणाल्या, "वार. आणि तीन वार. अक्काले सुटना." आणि पिशवी माझ्या हातून घेतली. टाळ्या वाजल्या.

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीने दोघांना जळगावला बोलावून घेतलं. टाकी उपसायला मीच गेलो. दगड आता पांढरे राहिले नव्हते, त्यांवर गुलाबी, जांभळी साय धरली होती. ते सुकून चालणार नव्हतं. आम्ही ते ओल्या गोणपाटात गुंडाळून पिकअपमध्ये मागे ठेवले, माशांची बादली आणि खाऱ्या पाण्याचं पिंपही मागेच. अक्कांना मी पुढे बसा म्हटलं. त्या ऐकेनात. छत्री उघडून त्या दगडांजवळ बसल्या, मांडीवर मग घेऊन. पुढे ड्रायव्हरशेजारी नाना.

गाडी सुरू झाली तेव्हा मी शेजारीच रस्त्यावर उभा होतो. नाना ड्रायव्हरला सांगत होते, "हळू." एक गचका बसला. "हळू, भाऊ." दोन शब्द सलग आले होते. मागे अक्कांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. आणि पिंपातलं मगभर पाणी पहिल्या गोणपाटावर ओतलं.

पिकअप वळणाआड गेली. तिच्या मागून रस्त्यावर पाण्याची एक ओली रेघ गेली होती, वळणापर्यंत, जळगावच्या दिशेने. मी टपरीवर चहा घेऊन परत आलो तोवर उन्हाने ती वाळली होती, आणि देवपूरच्या डांबरावर मिठाची पांढरी रेघ उमटली होती.