शीवेबाहेर टाकलेले जोडे

माझे पळायचे जोडे माझ्या जावेनं शीवेबाहेर, मारबतीला टाकलेल्या डहाळ्यांच्या ढिगावर नेऊन फेकले. मारबत जाऊन बरेच दिवस झाले होते, तरी ही बाई एकटी गेली, मोठ्यानं ओरडली आणि फेकून आली. आर्वीच्या बाजाराला निघालेल्या टेम्पोतल्या सगळ्यांनी पाहिलं. मला सांगायला मात्र एकाच्याही तोंडात जीभ नव्हती.

जाऊ माझ्याहून मोठी. घर एक, मळा एक, चूल एक. पहाटे दोघींनी मेथी, पालक, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या आणि टेम्पो यायच्या आत ओल्या पोत्याखाली रचायच्या. मी पळायला लागले आणि तिच्या पोटात दुखायला लागलं. माझ्या वाट्याच्या जुड्या मी आदल्या संध्याकाळी बांधून मोकळी व्हायची, तरी ही आल्यागेल्याला सांगायची, की धाकटी गोऱ्ह्यासारखी उधळत राहते अन् मी मातीत मरते. आता बोला.

मला हिवाळ्यात नागपूरची पूर्ण मॅरेथॉन पळायची होती. अंतर मी कसंबसं रेटत होते, पण चाल बैलबंडीची. त्या चालीनं वेळ संपला असता आणि मला अर्ध्यातून उचलून गाडीत बसवलं असतं. मग घरी येऊन जावेचं तोंड पाहायचं, त्यापेक्षा मेलेलं बरं. आर्वीत एक मास्तरीणबाई पळतात. त्या म्हणाल्या, नुसतं लांब पळून वेग येत नाही. जीव खाऊन पळायचं, हळूहळू परत यायचं, की पुन्हा जीव खाऊन. आमच्या भागातला रस्ता म्हणजे एकतर चढ, नाहीतर खड्डा. सपाट तुकडा एकच, आमच्या गोठ्यापासून कालव्याच्या पुलापर्यंत. गावाची शीव मधे येते. म्हणजे प्रत्येक फेरीला शीव ओलांडून जायचं आणि ओलांडून परत यायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे दाराशी ठेवलेल्या पळसाच्या डहाळ्या उचलतात आणि 'राई रोग, खासी खोकला घेऊन जा गे मारबत' असं ओरडत शीवेबाहेर नेऊन टाकतात. टाकल्यावर मागं वळून पाहायचं नाही. तिथलं काही घरात आणायचं नाही. मीही आमच्या डहाळ्या टाकल्या, घरी आले, चहा घेतला. काम झालं, असं समजून जोडे घातले आणि वेगाचं पळणं करायला निघाले. त्या ढिगाजवळून गेले, परत आले, पुन्हा गेले. जाऊ शेणाची टोपली डोक्यावर घेऊन गोठ्यापाशी उभी होती. माझ्या पायांकडं पाहत होती. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

आठवडाही झाला नाही तर माझी पोरगी तापानं फणफणली. सावंगीच्या दवाखान्यात नेली. डेंग्यू निघाला. डॉक्टरनं विचारलं, घराजवळ पाणी साचतं का. साचतं की! परसातल्या टाक्यात अळ्या वळवळत होत्या. ते टाकं घासायचं काम जावेचं. मी तेच म्हणाले, आणि ती वॉर्डाबाहेर, सगळ्या पेशंटांच्या नातेवाइकांसमोर, माझ्यावर उसळली.

"गावानं रोग शीवेबाहेर टाकला, अन् हे दर फेरीले पायाले लावून घरी आणून राह्यली. पोरगी तुई हाये ना?"

तोंड फोडावं वाटलं तिचं. पण सगळ्या रात्री पोरीच्या कपाळावर पट्ट्या तिनंच ठेवल्या होत्या, पोरगी तापात हाक तिलाच मारत होती, आणि याचा तर मला जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी ती गावी गेली आणि जोडे फेकले. त्याच दिवशी ताप उतरला. झालं! आता अख्ख्या गावाला पुरावा मिळाला. टाकं घासून घेतलं होतं नवऱ्यानं, सलाईन लावली होती डॉक्टरनं, आणि नाव झालं जावेचं. नवरा म्हणाला, नवे घेऊन देतो, पण ते आणू नको. मी म्हटलं, नवेही ती फेकेल. भाऊजींनी, म्हणजे जावेच्या नवऱ्यानं, मान खाली घातली. ह्या घरात पुरुषांना तेवढंच येतं.

पोरगी चालायला-फिरायला लागली तशी मी गेले. चांगलं उजाडल्यावर, टेम्पो भरायच्या वेळी, सगळ्यांदेखत. डहाळ्या वाळून काळ्या पडल्या होत्या. जोडे पावसानं फुगलेले, एकात मुंगळे. झटकले, तिथंच घातले आणि पुलापर्यंत जीव खाऊन पळाले. वळले. तिकडं शीवेच्या दगडापाशी जाऊ येऊन उभी राहिलेली. हळू परत यायचं असतं, पण तिच्यासमोर हळू? मी होता तेवढा जोर लावला. तिला घासून जायचं ठरवलं होतं.

दगड आला आणि माझा पाय थबकला. नुसता थबकला नाही, उभीच राहिले. घरात पोरगी गादीवर बसून पेज खात होती, ती डोळ्यांपुढं आली.

"भेली ना?" जाऊ म्हणाली. "मंग मलेच काऊन अडाणी म्हणतं?"

मी तिच्याकडं न पाहता दगड ओलांडला. पळत नाही, चालत.

वेगाचं पळणं मी सोडलेलं नाही. नागपूरलाही जाणार आहे, कोणाच्या बापाला भीत नाही. पुलाकडं जाताना घड्याळात वेग चांगला येतो. परततानाही तसाच जोर लावते, पण त्या दगडापाशी येऊन वेग पडतो, रोज. आणि जाऊ जुड्या सोडून ते पाहायला येऊन उभी राहते.