प्लास्टर गार होईपर्यंत

"हत्ती तू मुद्दाम दिलास."

"मुद्दाम कशाला देईन? नजर चुकली."

"नजर माझी चुकते. चष्मा मला आहे."

"मग तुला बरं दिसलं?"

"पट नाही, तोंड बघतेय तुझं. हरलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी गोड करून बसलीयस."

मुलगी पटावरचं एक प्यादं उगाच सरळ करू लागली.

आई कवळ्या बनवायची. येणारे-जाणारे तिला कवळीबाईच म्हणत. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात; हिचं तीस वर्षं दात कोरूनच भरत होतं, वर मुलीचं कॉलेजही त्यातच चाललं होतं. घरामागच्या खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. दुपार कलली की खिडकीतून ऊन आत यायचं, हवेतली पांढरी पूड चमकायची, आणि पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटायचं. भोवती बिनमालकाचं हसू तरंगत असायचं.

दवाखान्यातून दातांचे ठसे यायचे. ठशात प्लास्टर ओतलं की ते सेट होईपर्यंत थांबणं आलं. तेवढ्यात बुद्धिबळाचा एक डाव. आई घड्याळ बघत नसे. एक हात पटावर, दुसऱ्याचा तळवा प्लास्टरवर. प्लास्टर आधी गरम होतं, मग गार. गार झालं की लगेच ठसा सोडवायचा. उशीर केला तर तो सुकतो आणि दात धरून बसतो. मुलगी सात वर्षांची होती तेव्हापासून हा शिरस्ता. ठसा सोडवायच्या आत ती हरलेली असे, आणि आई म्हणे, "चला, दोन्ही कामं उरकली."

यंदा मुलीने वाचनालयातून बुद्धिबळाचं पुस्तक आणलं. मग दुसरं. आधी पुढच्या दोन खेळ्या दिसू लागल्या, मग चार. झोपेत पट आपोआप चालायचा. एके दिवशी आईचा अख्खा डाव तिला काचेतून दिसावा तसा दिसला, आणि जिंकायची खेळी तिने टाळली. कारण आई पूर्वी मामाबरोबर बॅडमिंटन खेळायची. मामाने पहिल्यांदा हरवलं त्या दिवशी रॅकेट माळ्यावर गेली, ती आजतागायत तिथेच. पटही वर गेला तर? या दुपारी मग कुठे जातील? म्हणून ती कधी हत्ती सोडायची, कधी घोडा.

"कधीपासून चाललंय हे?"

"मार्चपासून."

"म्हणजे मार्चपासून मी एकटीच खेळतेय."

"आई, तसं नाही गं."

"मांड परत. आणि खरं खेळ. लाडच करायचे असतील तर पाय चेप माझे."

आईने नवा ठसा भरला, थोपटून बुडबुडे काढले, वर तळवा ठेवला.

सुरुवातीला तिची जीभ चालू होती. "घोडा आहे तो, फिरायला नको नेऊस." "विचार करतेयस की डुलकी काढतेयस?" मग बोलणं विरत गेलं. ऊन एका जबड्यावरून दुसऱ्यावर सरकलं. सोंगट्या जणू कुणी न हलवता जागा बदलत होत्या. आईचा वजीर तिच्याच प्याद्यांमागे अडकून पडला. तळव्याखाली प्लास्टर गरम होऊन गारही झालं असणार, मुलीला कळत होतं. पण आता डाव थांबवणं म्हणजे पुन्हा हत्ती देण्यासारखंच.

"शह," ती म्हणाली.

आईने राजा सरकवला.

"शह."

या वेळी राजाला जागाच नव्हती. आई वाकून बघत राहिली.

"हा उंट इथे कधी आला?"

"बराच वेळ झाला."

"आणि मला दिसलाच नाही."

मग तिला हाताची आठवण झाली. तिने ठसा सोडवायला घेतला. कट्. पुढचा एक दात ठशातच राहिला. तीस वर्षांत हातून असं झालं नव्हतं.

"गार झालं म्हणून सांगायचं नाही?"

"तूच म्हणालीस, खरं खेळ."

"आता दवाखान्यात जाऊन नाक घासते, परत माप घ्या म्हणून."

"मी येते बरोबर."

"नको."

आई उठली. हात धुतले, एकेक बोट पुसलं.

"आई, उद्या बसशील ना?"

आई टेबलाला वळसा घालून मुलीच्या मागे येऊन उभी राहिली. तिच्या खांद्यावरून, तिच्या बाजूने, पट बघू लागली. ओठ हलत होते, मागे मागे जात खेळ्या मोजत असावी. मग तिने तुटका जबडा कागदात गुंडाळला, चपला पायात सरकवल्या, आणि पट टेबलावर तसाच ठेवून बाहेर पडली.