कलेक्टरची पोरगी

माझ्या बाबांना उमरेडच्या आमच्या गल्लीत सगळे कलेक्टर म्हणायचे. विणकरांच्या घरोघरी जाऊन तयार लुगडी आणि पंचे गोळा करायचे, त्यांचा गठ्ठा बांधायचा आणि एसटीने नागपूरला नेऊन गांधीबागेतल्या व्यापाऱ्याकडे पोचवायचा, हे त्यांचं काम. माल कलेक्ट करतो तो कलेक्टर. कुणीतरी कधीतरी चेष्टेत म्हटलं असेल, पण माझ्या जन्मापर्यंत त्यातली चेष्टा झिजून नुसता शब्द उरला होता. आईसुद्धा दारात आलेल्याला सांगायची, "कलेक्टर जेवून राहिले, बसा जरा."

शाळेच्या पुस्तकात जिल्हाधिकारी होता. तो जिल्ह्याचा कारभार पाहायचा आणि परीक्षेत दोन मार्कांना यायचा. कलेक्टर आमच्या घरात होता. हे दोघं एकच असतात, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यामुळे तेराच्या आतल्या मुलींच्या जिल्हा फुटबॉल संघाच्या निवडीला गेले, तेव्हा फॉर्मवरच्या 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात 'कलेक्टर' लिहिलं. मुलगी डाव्या पायाने बॉल मारते आणि बाप काय काम करतो, यांचा एकमेकांशी काय संबंध, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. आता रोज पडतो. बाबांनी मला नागपूरच्या मैदानाच्या फाटकाशी सोडलं आणि गठ्ठा खांद्यावर टाकून ते गांधीबागेकडे गेले. मी खेळले. दोन गोल मारले. संध्याकाळी यादी लागली, त्यात मी होते.

यादीत पहिलं नाव गोलकीपरचं होतं. ती संघटनेच्या अध्यक्षांची पुतणी. बॉल आला की ती डोळे मिटून घ्यायची आणि गेला की उघडायची. तिला चित्रकलेच्या क्लासला जायचं होतं, हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. पण अध्यक्षांना घरात एक खेळाडू हवी होती आणि पुतणी एकच होती. शेवटचं नाव, राखीव म्हणून, नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या एका पोरीचं होतं. तिचे वडील ट्रक ड्रायव्हर. ती माझ्याच जागेवर, डाव्या बगलेला, म्हणजे लेफ्ट विंगला खेळायची आणि माझ्यापेक्षा चांगली खेळायची. हे मी आज मोठ्या मनाने लिहीत नाहीये. ते मैदानावरच्या प्रत्येकाला दिसत होतं, आंधळ्या गोलकीपरसकट.

मग विचित्र गोष्टी सुरू झाल्या. सरावानंतर सगळ्यांना एक केळं मिळायचं, मला दोन. सगळ्या घामाघूम होऊन जमिनीवर बसायच्या, माझ्यासाठी खुर्ची यायची. आम्हाला निवडणारे आणि शिकवणारे सर सगळ्यांवर ओरडायचे आणि माझ्यापाशी येऊन म्हणायचे, "बाबा बरे आहेत नं?" मी म्हणायचे, "बरे आहेत, जरा खांदा दुखते." सर गंभीर होऊन मान हलवायचे. एवढ्या मोठ्या जबाबदारीने खांदा दुखणारच.

मला खुलासा केला तो वाडीच्या पोरीने. तिच्या वडिलांचा ट्रक गांधीबागेत माल उतरवायला थांबायचा आणि निवडीच्या दिवशी फाटकाशी दिसलेल्या माझ्या बाबांना तिने तिथे पाहिलं होतं.

"तुले माहीत आहे का वं, हे सारे तुले कोनाची पोरगी समजून राहिले?" ती म्हणाली. "कलेक्टर म्हणजे लाल दिव्याच्या गाडीवाला. तुहा बाप त गठ्ठे उचलते."

मी विचारलं, मी एसटीने येते हे त्यांना दिसत नाही का? दिसतं, ती म्हणाली, आणि ते आपसात म्हणतात की किती साधी माणसं, पोरीला एसटीनं पाठवतात. माझं आडनाव नव्या कलेक्टरच्या आडनावाशी जुळत नव्हतं, त्याचाही निकाल लागला होता. साहेब मोठे हुशार, पोरीला त्रास नको म्हणून आडनाव लपवतात.

त्याच दिवशी मी सरांकडे जाऊन खरं सांगायला हवं होतं. मी गेले नाही. राज्य स्पर्धा महिन्यावर आली होती, मला डाव्या बगलेची जागा हवी होती, आणि सांगितलं असतं तर ती जागा वाडीच्या पोरीला गेली असती, तीही रास्तपणे. तिनेही कुणाला सांगितलं नाही. "सांगून मले घेतीन का?" ती म्हणाली. "दुसऱ्या कोन्या साहेबाची आणतीन."

त्यानंतर अर्ज यायला लागले. मैदान राखणाऱ्या शिपायाला बदली रद्द करून हवी होती. सरांना क्वार्टर हवं होतं. अध्यक्षांना शेताची मोजणी. सगळे घडी करून माझ्या हातात ठेवायचे आणि म्हणायचे, "बाबांना द्यायचं फक्त." मी ते इमानदारीने बाबांना द्यायचे आणि सांगायचे की सरांनी कलेक्टर ऑफिसात द्यायला सांगितलेत. बाबांनी आयुष्यभर एका हातातलं दुसऱ्या हातात पोचवलं होतं. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. गांधीबागेतून परतताना ते कलेक्टर कचेरीत जायचे, आवकच्या खिडकीपुढे रांग लावायचे आणि प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सवर शिक्का मारून आणायचे.

आणि शिपायाची बदली रद्द झाली! कशी झाली, देव जाणे. बहुतेक अर्ज वेळेवर पोचला म्हणून झाली असेल. शिपाई पेढे घेऊन मैदानावर आला, माझ्या पाया पडायला वाकला, मी पळाले. त्या दिवसानंतर कुणाला उरलीसुरली शंकाही राहिली नाही.

राज्य स्पर्धेला जायच्या आदल्या दिवशी मैदानावर निरोप समारंभ ठेवला होता. माझ्याकडे निमंत्रणाचं एक मोठं पाकीट दिलं होतं, बाबांना द्यायला. ते मी दप्तराच्या तळाशी, भूगोलाच्या वहीत दडपलं. बाबांना फक्त सांगितलं की मला घ्यायला या आणि फाटकाबाहेरच थांबा. स्टेजवर पाच खुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीला पांढरा टॉवेल घालून वर कागद चिकटवला होता, 'मा. जिल्हाधिकारी'.

नारळ आले होते, शाली आल्या नव्हत्या. दुकानदाराचा फोन लागत नव्हता. अध्यक्ष घामाघूम झाले होते, अर्धे शालींच्या काळजीने आणि अर्धे मधल्या खुर्चीच्या. आणि नेमके तेव्हाच बाबा गठ्ठा खांद्यावर घेऊन फाटकातून आत डोकावले.

"आल्या, शाली आल्या!" कुणीतरी ओरडलं.

दोघातिघांनी बाबांना धरून स्टेजजवळ आणलं, गठ्ठा सोडला आणि पाहुण्यांच्या खांद्यांवर पंचे पडू लागले. अध्यक्षांच्या वाट्याला हिरवं नऊवारी लुगडं आलं. घालणाऱ्याने ते चादरीसारखं चुरगळून त्यांच्या गळ्यात टाकलं. इतका वेळ बाबा गोंधळून उभे होते, पण हे त्यांना बघवलं नाही. कोणाच्या तरी चार दिवसांच्या विणकामाची अशी विटंबना. ते सरळ स्टेजवर चढले. "असं नाही गा, काठ वर येऊ द्या," म्हणत त्यांनी लुगड्याची नीट घडी घातली, अध्यक्षांच्या खांद्यावर बसवली, आणि मागे सरकून पाहिलं. फोटोग्राफरने तेवढ्यात फोटो काढला.

मी रांगेत उभी होते. वाडीची पोर माझ्या शेजारी. तिने मला कोपराने ढोसलं.

"तुहा बाप आहे नं तो? काहून बोलत नाही वं?"

माझ्या तोंडातून एक शब्द, 'बाबा', निघाला असता तर सगळं संपलं असतं. मी समोर बघत राहिले. बाबांनी रांगेत मला पाहिलं, हात अर्धा वर केला, माझा चेहरा पाहिला आणि हात खाली घेतला. माझ्या त्या चेहऱ्याची मला आजही लाज वाटते. बाकी सगळ्या प्रकाराचं मला हसू येतं, या एका गोष्टीचं येत नाही.

समारंभ संपला. दुसऱ्या कुणाचा माल तसा सोडून जाणं बाबांना शक्यच नव्हतं. ते प्रत्येक पाहुण्यापुढे हात जोडून जात होते, "साहेब, तेवढा पंचा द्या." एकेक करून सगळे गोळा केले. एक पंचा मात्र कुणाच्या तरी गाडीतून गेला तो गेलाच. अध्यक्ष लुगडं द्यायला तयार नव्हते, त्यांना ती घडी आवडली होती. सर मला हळूच म्हणाले, "साहेब नाही आले?" मी म्हणाले, "मीटिंग होती."

एसटीत बाबा खिडकीशी बसले, गठ्ठा मांडीवर. दिघोरी मागे पडल्यावर म्हणाले, "ते मधातली खुर्ची कोनासाठी होती वं?"

"कलेक्टरसाठी," मी म्हणाले.

त्यांनी गठ्ठ्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "पुढच्या बारीनं अशी खुर्ची असली त सांगजो," ते म्हणाले. "मी चांगली पँट घालून येईन."

राज्य स्पर्धेत आम्ही पहिल्याच सामन्यात सात गोलांनी हरलो. सातही वेळा आमच्या गोलकीपरचे डोळे मिटलेले होते. वाडीची पोर बाकावर बसून राहिली आणि पुढच्या वर्षी आलीच नाही. आता ती वाडीच्या एका गोदामात ट्रक आत-बाहेर लावायचं काम बघते. भलेभले ड्रायव्हर तिला टरकून असतात. मी मात्र खेळत राहिले. साहेबांची बदली झाली, नवे साहेब आले, केळं पुन्हा एकावर आलं, पण तोवर मी 'जुनी खेळाडू' झाले होते आणि जुन्या खेळाडूला कुणी काढत नाही.

मोठेपणी दुसऱ्या राज्यातल्या एका व्यावसायिक क्लबच्या निवडीला गेले. त्यांच्या फॉर्मवर वडिलांचा रकानाच नव्हता. मी कागद उलटून मागेही पाहिलं. त्या दिवशी मला साधा बॉल अडवता येईना. इतकी वर्षं माझ्या मागे कुणीतरी उभं असायचं, खोटं का होईना. दुसऱ्या वर्षी घेतलं मला, आणि चार हंगाम खेळले. तिथेही मालकाची भाची फिजिओ होती आणि तिने एकदा माझ्या चांगल्या गुडघ्यावर बर्फ बांधला. वाईट गुडघ्याने शेवटी मला घरी आणलं.

परत आल्यावर मी सरांना गाठलं. ते निवृत्त झाले होते, क्वार्टर शेवटपर्यंत मिळालं नव्हतं. पोह्याच्या टपरीवर पोह्यांवर चण्याची तर्री ओतून घेता घेता मी विचारलं, "सर, त्या दिवशी माझा फॉर्म तुम्ही खेळ पाहायच्या आधी वाचला की नंतर?"

"नंतर," सर लगेच म्हणाले.

इतकं झटकन आलेलं उत्तर मला पटलं नाही. मी "हो सर" म्हणाले. मग विचारलं, "आणि वाडीच्या पोरीचा?"

सरांनी पोह्यात चमचा फिरवला. "तिचाही नंतरच वाचला," ते म्हणाले. हे खरं असेल, तर ती माझ्यापेक्षा चांगली खेळते हे पाहूनही त्यांनी तिला राखीव ठेवलं होतं.

आता नागपुरात लहान मुलींचा संघ मी निवडते. वडिलांचा रकाना काढून टाका म्हणून मी तीन वेळा लिहून दिलं. संघटनेचं उत्तर आलं की फॉर्म जुने छापलेले आहेत, संपले की बघू. ते संपत नाहीत. म्हणून मी फॉर्म एका पिशवीत भरून गाठ मारते आणि निवड होईस्तोवर त्या पिशवीवर बसते. लोकांना वाटतं मॅडमच्या पाठीला त्रास आहे.

यंदा एक पोर आली. बारा वर्षांची, डावा पाय असा की मी पिशवीवरून उठून उभी राहिले. वाडीच्या पोरीनंतर असा पाय मी पाहिला नव्हता. मी शिट्टी वाजवली, तिचं नाव पहिलं लिहिलं आणि मग गाठ सोडली. फॉर्मवर आईचं नाव होतं, आमच्या गोलकीपरचं. अध्यक्षांची नात! अध्यक्ष अजून अध्यक्षच आहेत.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन. "आपल्या मानसाची आठवन ठेवली तुम्ही, मॅडम." मी सांगितलं की मला माहीतच नव्हतं. ते मनापासून हसले. दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या सगळ्यांनी मला बघून मान डोलावली, समजलं, समजलं. शिपायाने मला खुर्ची आणून दिली. मी त्याच्यावर इतकी भडकले की तो दुसरीही घेऊन आला.

सरावानंतर ती पोर माझ्यापाशी आली. हातात दोन केळी होती आणि ती कुठे ठेवावीत हे तिला कळत नव्हतं.

"मॅडम, एक विचारू का? माझा फॉर्म तुम्ही आधी वाचला की नंतर?"

"नंतर," मी लगेच म्हणाले.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग "हो मॅडम" म्हणाली, दोन्ही केळी माझ्या खुर्चीवर ठेवली आणि निघून गेली. सर कदाचित खरं बोलले असतील, असं इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं.