जावईबापूंचा पुढचा ब्रेक

पालमच्या बसस्टँडसमोर चतुराबाईचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, आणि तिथं पार्ट मिळायच्या आधी बोलणी मिळतात. नवऱ्याच्या कमरेनं दगा दिल्यापासून गल्ल्यावर तीच बसते. गाडी सोडा, तिला सायकलसुद्धा येत नाही. पण गिऱ्हाईक "पुढचा ब्रेक लागंना" म्हणालं, की ती चष्मा कपाळावर चढवते आणि उलटतपासणी सुरू होते.

"लागंना म्हंजी? लिव्हर हाताला कसं लागतंय? भिजवल्या कणकीवानी मऊ, का दगडावानी?"

"मऊ लागतंय, काकू."

"मंग आत हवा शिरली. ऑइल कवा बदललं?"

"मागंच की…"

"मागं म्हंजी तुज्या लग्नाच्या मागं का? काकवीवानी काळं पडलंय, हितून दिसतंय मला!"

तिचा सिद्धांत साधा होता. गाडी आपणहून बिघडत नाही, तिला कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. तो कुणीतरी सापडला की रोग सापडला. माणूस सरळ विचारून सांगत नाही, चिडला की फटकन खरं बोलतो. म्हणून आधी चिडवायचं, मग औषध द्यायचं. आणि जुना पार्ट हातात आणल्याशिवाय नवा द्यायचा नाही, मग आमदार येवो का जमादार.

हे शास्त्र सगळ्या तालुक्यावर चाललं. अडलं ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

त्या दिवशी लेक पंकजा आणि जावई रामप्रसाद नव्या मोटारसायकलवर सोनं द्यायला आले. गाडी दुकानासमोर थांबायची होती. ती दुकान ओलांडून, पानटपरी ओलांडून, केळीच्या गाड्याला टेकून थांबली. जावईबापूंनी दोन्ही पाय जमिनीला लावून ती आवरली होती.

"पुढचा ब्रेक कालपासून धरंना झालाय," पंकजा धापा टाकत म्हणाली. "आन तिसऱ्या पहरी गंगाखेडला वापस जायचंय."

चतुराबाईनं रस्त्याकडं पाहिलं. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या होत्या, रस्ताभर माणसांनी भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग. त्यातला एक जरी पुढं अचानक थांबला तर? ब्रेक नीट झाल्याबिगर लेकीला त्या सीटवर बसू द्यायचं नाही, हे तिनं जागच्या जागी ठरवलं. पण आरोपी जावई! जावयाला चिडवायचं कसं? तिच्या घरात तर सासू जावयाशी तोंडाला तोंड देऊन बोलतसुद्धा नव्हती. तिनं पदर डोक्यावर ओढला, अर्धी पाठ फिरवली आणि लेकीला मधे घातलं.

"पंके, इचार त्यायला, लिव्हर मऊ लागतंय का कडक."

"कडक म्हणायलेत," पंकजा म्हणाली.

"आगं, ते अजून काईच म्हणले न्हाईत!"

"कडक," जावईबापू भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाले.

लिव्हर कडक, म्हणजे हवा नाही, ऑइल गळत नाही. हात जोर लावतोय, तो चाकापर्यंत पोचतोय, तरी चाक सुटतंय. बाजूच्या पत्र्याखाली बसणारा महारुद्र मिस्त्री पुढच्या चाकाशी उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "मावशी, डिस्क लय चमकायलीय. आरसाच!"

चतुराबाईनं डिस्कच्या त्या गोल लोखंडी प्लेटवरून बोट फिरवलं, नाकाला लावलं. खोबरेल!

ब्रेकच्या डिस्कला खोबरेल! दुसरं कुणी असतं तर पालमचं स्टँड तिनं डोक्यावर घेतलं असतं. आता सगळे शब्द गळ्यापर्यंत आले आणि तिथंच एकावर एक चढून बसले.

"पंके… इचार… गाडीची सेवा कुणी केली."

पंकजा पायाच्या अंगठ्यानं फरशी खरडायला लागली. जावईबापूच घाईनं म्हणाले, "म्याच. जरा चमकावी म्हणलं. मामी, आसं करा, प्लेटच बदलून टाका. ती भोकाभोकाची येती बघा नवी. तिला चिमट्यावानी धरणारं कॅलिपरबी लाल टाकू."

"सांग त्यायला, प्लेट सरळ हाय, पुसून होती. प्लेटीला दाबून धरणाऱ्या पॅडनं तेल पिलंय, पॅड बदलावं लागतेत. लाल रंगानं गाडी थांबत न्हाई म्हणाव, लाल रंगानं यस्टी बी थांबत न्हाई."

इथवर ठीक होतं. पण महारुद्रानं काढलेले पॅड उजेडात धरले आणि बोलू नये ते बोलला, "पॅड तर नवेच हायेत. पालिश पेपर मारून बसवतो की."

झालं. अडलेल्या पाण्याला वाट मिळाली.

"पेपर मारतो? तेल आतपर्यंत मुरलंय, वरून घासून काय निघतंय? उद्या तापलं की पुन्यांदा वर येतंय! डिस्कला तेल लावायला ती काय न्हाणीतली बाळंतीण हाय? डोस्क्याला लावायचं तेल चाकाला लावणाऱ्याच्या डोस्क्यात काय भुसा भरलाय का?"

"मावशी, म्या कुठं लावलं?" महारुद्र पान्यासकट मागं सरकला.

"तू गप ऐक! तुला न्हाई बोलू तर कुणाला बोलू?"

लेकी बोले सुने लागे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथं बोलणी खात होता मिस्त्री आणि लाल होत होते जावयाचे कान. तरी गडी हूं का चूं करेना. शेवटी पंकजाच ओरडली,

"माय, बास कर! म्या लावलं!"

बाई गर्रकन लेकीकडं वळली.

"खंडेनवमीला म्या गाडी धुतली, पूजा केली. तूच शिकवलंस की, लोखंड कोरडं पुजू न्हाई, तेलाचं बोट लावावं. इळ्याला लावलं, कुऱ्हाडीला लावलं, मंग ती प्लेट उघडीच दिसली. तिलाबी लावलं. दोन्ही अंगानं."

लहानपणापासून दर खंडेनवमीला हे तेलाचं बोट चतुराबाईनंच लेकीच्या हाती दिलं होतं. महारुद्र खोकल्याचं निमित्त करून हसून घेऊ लागला.

"आन तुमी कामून म्हणले, म्या लावलं म्हणून?" ती पदर विसरून सरळ जावयालाच म्हणाली.

"तुमच्या तोंडाची दहशत हाय, मामी. गंगाखेडपस्तोर. म्हणलं, मला तर तुमी काई बोलू शकत न्हाई."

चतुराबाईला हसू आलं, ते तिनं पॅडची पाकिटं शोधण्यात लपवलं. त्याच गाडीची दोन पाकिटं निघाली. जावईबापूंनी वरचं उचललं.

"ते न्हाई ओ! ते मागल्या सालच्या मॉडेलचं. जुनं हातात धरा, त्याच्यावर नवं ठिवा. कानाचं भोक भोकावर बसलं का? न्हाई ना? मंग दुसरं घ्या!"

डिस्क धुऊन कोरडी झाली, पॅड बसले. जावईबापूंनी स्टार्टरच्या बटणाकडं बोट नेलं.

"थांबा! आधी लिव्हर पंप करा. नवे पॅड बसवायला मिस्त्रीनं आतले पिस्टन मागं दाबलेत, पयल्या दाबाला काईच धरणार न्हाई. हां. झालं कडक? आता चालू करा."

"पंकजा, बस," जावईबापू म्हणाले.

"ती न्हाई बसायची," चतुराबाई म्हणाली. तिनं चष्मा गल्ल्यात ठेवला, पदर कमरेला खोचला आणि सासू जावयाच्या मागं बसली.

पानटपरीवरच्यांचं पान तोंडातल्या तोंडात राहिलं.

"हळू चालवा. आता दाबा… मऊ धरला. नवे हायेत, अजून घासून बसले न्हाईत. पुन्यांदा. मागला न्हाई, पुढला! दाबा… आता जरा बरा." अशी दाबादाबी करत वरात पेट्रोल पंपापर्यंत गेली, वळली. येताना रस्ता मोकळा दिसताच मागून आवाज आला, "आता जोरानं!"

गाडी जागच्या जागी उभी राहिली. चतुराबाईचं कपाळ जावईबापूंच्या पाठीवर आपटलं आणि दोन्ही हातांनी तिनं त्यांची कंबर गच्च धरली.

"धरला!" ती ओरडली.

दुकानासमोर ती उतरली. कपाळ चोळत, पदर पुन्हा डोक्यावर घेत लेकीला म्हणाली,

"बस आता. आन घट्ट धर त्यायला. लाजू नको, मी बी धरलं होतं."